आमचा जीएसटीचा ग्रुप आणि गुड मॉर्निंगवाले काका

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यात टॅक्सचं काम करणाऱ्या आम्ही सात-आठ जणांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. मग कोणी मित्राला अ‍ॅड केलं, कोणी साडूला, आणि बघता बघता १४० लोक झाले, सकाळी उठलं की गुलाबाची फुलं, कोणाच्या तरी फ्लॅटची जाहिरात, आणि कामाचा प्रश्न त्यात कुठे गडप व्हायचा कळायचंच नाही. खरी उत्तरं देणारे आधी गप्प झाले, मग गुपचूप लेफ्ट.

माझी सटकली ती एका ऑक्टोबरात. एकाने विचारलं, मागच्या वर्षीची खरेदीची बिलं राहिलीत, त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे वजावट) मिळेल का? दुसऱ्याने ठोकून दिलं, सप्टेंबर गेला, विसरा आता. अहो, २०२२ च्या फायनान्स अ‍ॅक्टने ती क्रेडिट घ्यायची मुदत ३० नोव्हेंबर केली, जीएसटी कायद्याचं कलम १६(४) उघडून तरी बघा! विचारणारा पार्टीला, म्हणजे क्लायंटला, 'नाही मिळणार' सांगून मोकळाही झाला होता.

तेव्हापासून ग्रुपला नियम केले: उत्तरासोबत कलम किंवा नोटिफिकेशन नंबर टाकायचा, नसेल तर सरळ 'अंदाज' लिहायचं. नवीन माणूस आणणाऱ्याने त्याची गॅरंटी घ्यायची. आणि २० तारखेला, म्हणजे ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायच्या दिवशी, फक्त अडलेली कामं.

फुलंवाल्या काकांना काढायचं जिवावर आलं, मला चलन भरायला त्यांनीच शिकवलेलं. गोखले रोडला चहावर सांगितलं तर म्हणाले, अरे मग फुलांचा वेगळा काढ ना! काढला. तिथे ९० जण आहेत, आमच्याकडे ३४.