दहीवाल्याचा पार्ट

स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाच्या वाट्याला ‘डाकघर’ आलं तेव्हा आम्ही रुसलोच होतो. शेजारच्या तुकडीला तलवारी, फेटे, अफजलखान. आणि आमच्याकडे खिडकीशी बसलेला आजारी अमल! मी दहीवाला. खांद्यावर कावड, मडक्यांना वजन यावं म्हणून आत वाळू. ती तालमीभर स्टेजवर सांडायची.

टिवल्याबावल्या फारच वाढल्या तेव्हा मराठीच्या बाईंनी सगळ्यांना स्टेजवरच मांडी घालून बसवलं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की रवींद्रनाथांचं हेच नाटक १८ जुलै १९४२ रोजी पोलंडच्या वॉर्सामधल्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी भिंत घालून ज्यूंना कोंडलं होतं तिथे, एका अनाथाश्रमातल्या मुलांनी केलं होतं. चारच दिवसांनी त्या वस्तीतून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमातल्या जवळपास २०० मुलांना त्रेब्लिंकाला नेऊन मारलं. इतिहासाच्या पुस्तकात ‘६० लाख ज्यू’ एका ओळीत आटोपले होते आणि ती ओळ आम्हाला तोंडपाठ होती. पण तिकडेही कुणीतरी दहीवाला झाला असणार, हे डोक्यात आलं ते त्या दुपारी.

पुढे नोकरीनिमित्त वॉर्सात राहायचा योग आला आणि बाईंनी सांगितलेल्या गोष्टीचा मी पिच्छाच पुरवला. आश्रम चालवणारे यानुश कोरचाक हे बालरोगतज्ज्ञ. हेन्रिक गोल्डश्मिट हे त्यांचं खरं नाव. १९१२ मध्ये उघडलेल्या त्या आश्रमात मुलांचं स्वतःचं कोर्ट होतं. कायद्याच्या पहिल्या ९९ कलमांत शिक्षा नाहीच, मुलांनाच न्यायाधीश नेमायचं, आणि खुद्द डॉक्टरांवरही तिथे खटले चालले. (आपल्याकडे असं कोर्ट असतं तर पी.टी.च्या सरांची सुटका अवघड होती.)

सुटण्याची संधी असूनही डॉक्टर मुलांबरोबर गेले, हे सगळीकडे सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण त्यांच्याबरोबर स्टेफानिया विल्चिन्स्का याही गेल्या. आश्रमाचा रोजचा गाडा, म्हणजे जेवणखाण, कपडे, आजारपणं, ३० वर्षं या बाईंनी ओढला. १९३८ मध्ये त्या पॅलेस्टाइनमधल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतीच्या वस्तीत, राहायला गेल्या होत्या. तिथेच राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या. युद्ध तोंडावर आलेलं असताना १९३९ मध्ये त्या परत आल्या. त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला हे खटकतं.

त्रेब्लिंकालाही जाऊन आलो. छावणी नाझींनी १९४३ मध्येच पाडली, जमीन नांगरली, वर शेतघर बांधलं. मागमूसच ठेवायचा नव्हता. वॉर्सातून अवघ्या दोनेक महिन्यांत सुमारे २,६५,००० माणसं तिथे पोचवली होती. आता त्या माळावर १७,००० ओबडधोबड दगड उभे आहेत. पुष्कळ दगडांवर उद्ध्वस्त झालेल्या गावांची नावं आहेत. माणसाचं नाव असलेला दगड एकच. त्यावर कोरलंय, ‘यानुश कोरचाक आणि मुलं’. मुलांची नावं नाहीत. स्टेफाबाईंचंही नाही.

शाळेच्या यंदाच्या महोत्सवी संमेलनाचे कार्यक्रम ठरत असतील तर माझं मत ‘डाकघर’ला. नेपथ्याला एक खिडकी पुरते, खर्च जवळपास नाही, आणि काही खर्च आलाच तर तो आमची बॅच उचलेल. तालमी सुरू होण्याआधी मुलांना स्टेफाबाईंविषयी तेवढं सांगा.