काळ्या दगडातली चांदी

चांदीचा नवा साठा सापडला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चकाकणारा खडक येतो. मी कोअरची, म्हणजे जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या लांब दांड्यांची, पेटी उघडते तेव्हा समोर असतो राखाडी, काळपट, ओला दगड. आधी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेते. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, गारगोटीच्या जवळजवळ तिप्पट जड. फोडलं की चौकोनी तुकडे पडतात आणि त्यांच्या बाजू लखलखतात. पुष्कळदा चांदी त्यातच दडलेली असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली कधीतरी काळवंडलेली शुद्ध चांदीची तार दिसते, मग मला दुसरं काही सुचत नाही.

१८५९ साली अमेरिकेत नेवाडातल्या कॉमस्टॉकला सोनं शोधणारे ज्या निळसर काळ्या गाळाला वैतागले होते, तो तपासल्यावर चांदीचं खनिज निघाला. काळा दगड मी कधीच टाकून देत नाही.

कोअर उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेत, अर्धा पेटीत. उत्तर येतं टनामागे किती ग्रॅम असं. एका भोकात भरघोस आकडा आला की सगळ्यांना घाई होते, आणि तिथेच मी हटून बसते. शीर, म्हणजे खडकातला खनिजाचा पट्टा, पुढे बारीक होते, तिला फाटे फुटतात, भ्रंशापाशी, म्हणजे खडक चिरून सरकलेल्या जागी, तुटून ती भलतीकडे सरकते. शेजारची भोकं घेतल्याशिवाय साठा किती, हे बोलूच नये. शिवाय जुन्या खाणींच्या भागात उघड्या पडलेल्या सल्फाइडमधून आम्लाचं पाणी पाझरतं, म्हणून पहिल्या भोकाआधीच मी ओढ्यातल्या पाण्याचे नमुने घेऊन ठेवते.