मुंबई ते फ्रँकफर्ट, मुद्दाम जम्बोने

तिकीट काढताना लोक आधी भाडं बघतात, मी यावेळी आधी विमान बघितलं. फ्रँकफर्टला मावसभावाकडे जायचं होतं, सोबत आई, दुबईवरून गेलो असतो तर पैसे वाचले असते, पण लुफ्तान्साच्या थेट फ्लाइटपुढे ७४७-८, म्हणजे बोइंगचं नवं जम्बो जेट, लिहिलेलं दिसलं आणि माझं तिथंच ठरलं.

कारण माझं लहानपण कुर्ल्याचं. गच्चीवर वाळवण राखत बसायचं आणि डोक्यावरून विमानं उतरताना मोजायची. बाकी विमानं नुसती विमानं, पण जम्बो आलं की आवाजावरूनच कळायचं, मग ते बैलाच्या वशिंडासारखं पुढचं कुबड दिसायचं आणि सोळा चाकं खाली सोडलेलं अवाढव्य पोट. पुढची दोन धरून अठरा. तेव्हा वाटायचं मोठेपणी यात बसायचं, आणि मोठं होईस्तोवर जम्बोच गायब व्हायला लागली की!

म्हणजे बघा ना, जपान एअरलाइन्सने वर्षानुवर्षं मिळून शंभरावर ७४७ उडवली, २०११ ला शेवटचं काढलं. क्वांटासकडे तर १९७९ मध्ये फक्त ७४७ च होती, दुसरं एकही विमान नाही. ब्रिटिश एअरवेजने ७४७-४०० या आधीच्या मॉडेलची तब्बल ५७ विमानं घेतली होती आणि २०२० मध्ये कोविड आला तशी उरलेली सगळी एकदम बंद केली. चार इंजिनांना इंधन जास्त लागतं, तेवढंच अंतर आता दोन इंजिनांची ७७७ आणि ए३५० कापतात, त्यामुळे कंपन्यांचा हिशोब मला कळतो, पण जीव हळहळतोच. नवीन ७४७-८ प्रवाशांसाठी घेणाऱ्या एअरलाइन्स जगात तीनच, लुफ्तान्सा, कोरियन एअर आणि एअर चायना. त्यातल्या लुफ्तान्साने १९ घेतली, शिवाय त्यांची जुनी ७४७-४०० अजून उडतायत. म्हणून म्हटलं आत्ताच जाऊया, नंतर कुठे मिळणार.

मध्यरात्री टी२ ला पोचलो. चेक-इन, इमिग्रेशन नेहमीचंच. गेटवर काचेतून ते समोर उभं दिसलं आणि आई थबकलीच. पायलटची खिडकी आमच्यापेक्षा कितीतरी वर! आई म्हणाली, "अगं, एवढं मोठं धूड उचलणार तरी कसं?" मी सांगितलं की पायलटला वर बसवण्यामागे कारण आहे, ६० च्या दशकात डिझाइन करताना लोकांना वाटत होतं पुढे सगळे प्रवासी आवाजापेक्षा वेगवान विमानांनी जाणार आणि हे बिचारं मालवाहू होणार, म्हणून कॉकपिट वर चढवलं, म्हणजे नाक उघडून सरळ माल भरता येईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपण माल काय?"

इकॉनॉमीत ३-४-३ सीट्स, आम्ही मुद्दाम पंखाच्या मागे घेतलेल्या. धावपट्टीवर ते धावतच राहिलं, धावतच राहिलं, मग आरामात उठलं, धक्का नाही काही नाही. खाली दिवे संपले आणि काळा समुद्र आला तसे आईने हात जोडले. मला माहीत होतं का ते. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, सम्राट अशोक, १९७१ मध्ये मुंबईत आलं तेव्हा ती शाळेत होती, खिडक्यांभोवती रंगवलेल्या त्या झरोक्यांचं तिला केवढं अप्रूप. आणि १ जानेवारी १९७८ ला तेच विमान सांताक्रुझहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. तिच्या पिढीच्या मुंबईकरांना जम्बो म्हटलं की दोन्ही आठवतं, तो थाट पण आणि ती रात्र पण. मी काही बोलले नाही, नुसता हात धरला.

झोप लागली दोघींना. जाग आली तेव्हा उजाडलेलं, पंखाची टोकं हळूहळू वरखाली होत होती आणि इंजिनांची मागची कड करवतीच्या दातांसारखी कातरलेली स्पष्ट दिसत होती, आवाज कमी व्हावा म्हणून ती तशी असते. मी कितीतरी वेळ तेच बघत बसले, चहा गार झाला.

फ्रँकफर्टला उतरल्यावर विमान धावपट्टीवरून गेटकडे जाताना आईने शेपट्या नाही, कुबडं मोजली, चार सापडली. सगळे उतरल्यावर मी एअर होस्टेसला विचारलं वरचा मजला बघू का, ती हसून हो म्हणाली. जिना चढून गेलो तर वर छोटंसं बिझनेस क्लास, दोन-दोन सीट्स, खिडकीलगत सामान ठेवायला कप्पे, एखाद्या वेगळ्याच छोट्या विमानात आल्यासारखं. गुडघे दुखत असूनही आई वर आली. खिडकीला नाक लावून तिने खाली उभ्या माणसांकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, आपण तर चक्क दुसऱ्या मजल्यावर."

परतीचं तिकीट पण त्याच विमानाचं आहे, यावेळी खिडकी आईला.