गोड्या पाण्यानं धुतलेले गेम: मालवणातल्या आमच्या दुकानाची वाटचाल

मालवणच्या बाजारपेठेतलं हे दुकान मूळचं काकांचं. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. पिक्चर ट्यूबचे टीव्ही लोकांनी भंगारात घातले तसं काकांचं काम आटलं. मिक्सर, इस्त्री आणि गणपतीच्या तोंडावर भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर, एवढंच उरलं. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा गेम दुरुस्त करायचं डोक्यातही नव्हतं. एका मे महिन्यात घराचा माळा साफ करताना माझा लहानपणीचा टीव्ही गेम सापडला आणि तिथून हे सुरू झालं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले असे बहुतेक खोके म्हणजे निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम ह्या टीव्ही गेमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. आपल्याकडच्या नकलांची नावं वेगवेगळी, पण कॅसेट तीच, ६० पिनांची. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. आता कृपा करून करू नका. गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, फुंकरीमुळे नव्हे. फुंकरीतली वाफ मात्र पिनांवर बसते आणि त्यांना खाते.

पहिला धडा अडॅप्टरनं दिला. हाताशी राउटरचा ९ व्होल्टचा होता, पिन बसली म्हणून लावला. आतल्या ७८०५ मधून धूर आला. हा तीन पायांचा रेग्युलेटर आलेल्या विजेतून ५ व्होल्ट काढून चिपला देतो. फॅमिकॉमच्या मूळ अडॅप्टरला पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन असतं, माझा खोकाही तसाच होता, आणि राउटरचा अडॅप्टर नेमका उलटा. काका चिडले नाहीत. "आधी मीटर लाव, मगे वीज दी," एवढंच म्हणाले. रेग्युलेटर बदलला आणि गेम चालू झाला. तेव्हापासून गिऱ्हाइकानं आणलेला अडॅप्टरसुद्धा मीटर लावल्याशिवाय आम्ही मशीनला जोडत नाही.

पुढचं पाऊल मॉडचं, म्हणजे मूळ मशीनमध्ये बदल करण्याचं. जुने खोके अँटेनाच्या वायरीतून चित्र पाठवायचे. नव्या टीव्हीवर ते एक तर दिसत नाही, किंवा मुंग्या येतात. म्हणून मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र अँटेनाच्या वायरीत घालणाऱ्या भागाच्या, आधीच व्हिडिओ सिग्नल उचलायचा, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-चार सुटे भाग लावून त्याला जोर द्यायचा आणि सरळ पिवळ्या पिनेतून बाहेर काढायचा. भाग चहाच्या पैशांत येतात. कस लागतो तो वायर कुठून न्यायची ह्यात. पहिल्या मॉडमध्ये पडद्यावर उभ्या फिकट पट्ट्या आल्या, तुरुंगाच्या गजांसारख्या. बोर्डावरच्या बाकीच्या सिग्नलांची बाधा व्हिडिओला होते, म्हणून त्या येतात. वायर आखूड केली, लांबून फिरवली, तेव्हा कमी झाल्या. पूर्ण गेल्या नाहीत, आणि गिऱ्हाइकाला आम्ही हे आधीच सांगतो.

गिऱ्हाईक मिळालं ते चाकरमान्यांमुळे. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात मंडळी गावच्या घरी येतात, माळा उघडतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला गेम घेऊन दुकानात येतात. "ह्या परत चालू होतला काय रे?" हा प्रश्न मी हजारदा ऐकला असेन, आणि त्यातली आशा मला अजून हलवते.

इथेच आमची खरी अडचण सुरू झाली. शिकताना जिथे-तिथे एकच सल्ला: बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आम्ही पुसत होतो. बोर्ड लखलखीत दिसायचा, मशीन चालायचं, आणि पाऊस सुरू झाला की तेच मशीन परत यायचं. पिनांवर पुन्हा हिरवट थर, लोखंडी पत्र्यावर गंज. मला वाटायचं, माझं सोल्डरिंगच कच्चं आहे.

उत्तर दिलं शेजारच्या एका मच्छीमार दादांनी. अल्कोहोलची बाटली बघून म्हणाले, "दर्यातसून इल्यावर आमी इंजिन आधी गोड्या पाण्यान धुतव. तू ह्या दारवेन कित्याक पुसतंस?"

मीठ अल्कोहोलात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्यात विरघळतं. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बोर्डावर तसंच राहत होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, आणि आमच्याकडे पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. त्या ओलाव्यात तांबं हिरवं पडतं आणि वीज भलत्या वाटेनं पाझरते. आता आम्ही बोर्ड आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानं मऊ ब्रशनं धुतो, दोनदा. मग अल्कोहोल, ते उरलेलं पाणी ओढून घेऊन उडून जायला. मग दोन दिवस सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात. तांदळात पुरून ठेवू नका. पीठ सगळ्या फटींत शिरतं.

ह्याची परीक्षा तौक्ते वादळानं घेतली. १६ मे २०२१. दुकानाचे पत्रे उडाले, आत पाऊस आणि समुद्राचे तुषार, आणि गावात दिवसेंदिवस वीज नव्हती. लोकांची मशीनं ओली झाली होती, आणि लोकांची वस्तू म्हटल्यावर झोप कशी लागणार? वीज नाही म्हणून कुणी ती चालू करून बघितली नाही, हे एका परीनं बरंच झालं. ओल्या बोर्डात वीज गेली असती तर सगळंच गेलं असतं. घरात डिस्टिल्ड पाण्याचे जितके कॅन होते तितक्या पाण्यात मी, बायको आणि आईनं बोर्ड धुतले. तीन सोडून सगळे वाचले.

गेम बॉय ह्या हातात धरून खेळायच्या गेममध्ये फुटलेल्या सेलची पांढरी पूड निघते, ती अल्कलीची असते. आईनं कोकमाचं आगळ सुचवलं, तांब्याची भांडी त्यानं घासतातच. पण आगळात मीठ! साधं व्हिनेगर घेतलं, मग पुन्हा डिस्टिल्ड पाणी.

एक चूक अजून टोचते. काही कॅसेटींत सेव्ह केलेला गेम बटण सेलच्या जोरावर टिकतो. सेल काढला की सगळं पुसलं जातं. एका मुलीच्या कॅसेटचा सेल मी न विचारता बदलला. तिची शाळेतली सगळी वर्षं त्यात होती. पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतं? आता आधी सेव्ह उतरवून घेतो, उतरत नसेल तर लेखी विचारतो.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करण्याचं काम आम्ही बंद केलंय. पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग उजळतो खरा, पण काही खोके परत पिवळे पडले. मूळ खोका कापून करायचे मॉडही घेत नाही. पिक्चर ट्यूबचा एक टीव्ही मात्र जपून ठेवलाय, कारण बदकं मारायची ती बंदूक सपाट पडद्यावर चालतच नाही.

आता आम्ही तिघं आहोत. हिशेब आणि पार्सलं बायको बघते, सोल्डरिंग आयटीआय झालेला एक मुलगा माझ्याहून चांगलं करतो. यंदा त्याच्या सांगण्यावरून दोन सारखे बोर्ड समुद्राकडच्या खिडकीत टांगलेत. एकावर ॲक्रिलिक लॅकरचा थर, दुसरा कोरा. दसऱ्याला दोन्ही उतरवून भिंगाखाली धरणार आहोत.