३१ की ३२: चित्राचं सरकणं सापडलं

काल रात्री माझ्या घरगुती यांत्रिक टीव्हीवरचं (फिरत्या चकतीतून रेघारेघांनी चित्र दाखवणारा) चित्र सरकायचं थांबलं. साडेसत्तावीस बाय सव्वाअठरा मिलिमीटरची नारिंगी खिडकी, तिच्यात पांढरी चौकट, आत बुद्धिबळाचा पट, आणि चाळीस मिनिटं सगळं जागच्या जागी. मागच्या तीन नोंदी ज्या सरकण्यानं खाल्ल्या त्याचं मूळ भलतीकडेच होतं. निपकोच्या ३२ छिद्रांच्या चकतीला (एकेक छिद्र एकेक रेघ दाखवतं) सीडी४०४६, म्हणजे चकतीचा वेग सिग्नलशी जुळवणारी चिप, जोडणाऱ्या प्रत्येकाला हे बेणं कधी ना कधी भेटणार, म्हणून सविस्तर.

लक्षण असं: चित्र तिरकं, आणि दर चित्राला एक रेघ बाजूला. उभ्या रेघा ३२, सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे खिडकी ओलांडायला २.५६ सेकंद. संशय आधी बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर, मग मोटर चालवणाऱ्या मॉसफेटवर (दोन आयआरएफ५४० उगाच बदलले), मग मोटरच्या ब्रशवर. शेवटी टॅकोमीटर धरला. फेरे मिनिटाला ७५० हवेत. आकडा ७२६ आणि ७२७ मध्ये, आणि तिथंच ठाम. खराब मोटर इतक्या इमानदारीनं कमी पळत नाही. ७५० ला ३१ नं गुणून ३२ नं भागा: ७२६.६.

सर्किट सांगितलेलं काम चोख करत होतं. आवाजाच्या फाइलमधून येणाऱ्या आपल्या सिग्नलमध्ये दर रेघेला एक सिंक पल्स (जुळवणीचा ठोका) असतो, पण चित्र कुठं सुरू होतं ते कळावं म्हणून त्यातला एक मुद्दाम गाळलेला असतो. म्हणजे एका चित्रात ३१ पल्स. चकतीवरच्या, सेन्सरनं मोजायच्या खाचा मात्र ३२. ४०४६ चा दुसरा तुलनाकार (पिन १३) कडा मोजतो. त्याला वाटलं चकती पुढं पळतेय, म्हणून त्यानं तिला हिशोब जुळेपर्यंत मागं ओढलं.

उपाय एकच: चकतीवरचीही एक खाच बुजवायची. दोन्हीकडचे गाळलेले पल्स एकमेकांवर येईपर्यंत सर्किट स्वतःच चकती घसरवत नेतं, त्यामुळं हातानं चौकट जुळवायची कटकटही गेली. इथं एक खड्डा आहे. सेलोटेप लावून काळ्या मार्करनं रंगवली, फरक शून्य. मार्करची शाई डोळ्याला काळी, पण इन्फ्रारेड सेन्सरला ती काचच. ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी लावली आणि दोन सेकंदांत चित्र बांधलं गेलं, फक्त तीन रेघा बाजूला. पट्टी तीन खाचा सरकवली, संपलं.

वर-खालीचा फरक सेन्सर धरणाऱ्या कंसावर (ब्रॅकेटवर) काढायचा. खाचा केंद्रापासून ६० मिलिमीटरवर आणि बाहेरचं छिद्र १४० वर, म्हणून कंस एक मिलिमीटर हलला की चित्र २.३ मिलिमीटर हलतं. लांबट भोक आणि एकच स्क्रू चालणार नाही. दोन स्क्रू, खाली स्प्रिंग वॉशर.

मग उरले झोके. चित्र बांधलेलं, पण झोपाळ्यासारखं वर-खाली. पिन १३ नंतर २२० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड एवढंच होतं. ९५ ग्रॅमच्या चकतीचं जडत्व पाहता ते झुलणारच. कपॅसिटरच्या खाली, जमिनीकडे, एक रोध घालायचा. ४.७ किलोओहमला काही फरक नाही. १०० ला झोके गेले, पण ४०० हर्ट्झची शिट्टी मोटरमधून ऐकू यायला लागली. ४७ ला तीन झोक्यांत शांत. ४०४६ मधला व्हीसीओ (व्होल्टेजवर चालणारा दोलक) वापरत नसाल तर पिन ५ पुरवठ्याला जोडा.

चकतीबद्दल सांगलीजवळच्या कुपवाडच्या लेझर कटिंगवाल्याला मानलं पाहिजे: अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात ०.६ ची छिद्रं, पायरी ०.५७, आणि एकही काळी रेघ दिसत नाही. मागच्या बाजूला वितळलेल्या धातूची कड राहते, ती पीसीबीच्या ०.६ च्या ड्रिलनं हातानंच काढा. आयसी मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीतूनच आणावेत. ऑनलाइन आलेल्या पाचांपैकी दोन ४०४६ मुके निघाले.

सिग्नलची फाइल वॅव्हच ठेवा. एमपी३ मध्ये पल्सच्या कडा बोथट होतात, आणि ब्लूटूथवर तर नाव काढू नका.

आता तारखेचं. स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्डनं लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवर दूरचित्रवाणी दाखवली त्याची शंभरी, २६ जानेवारी २०२६, हुकलीच. पुढचा मुक्काम त्याचा वाढदिवस ठरवला होता, १३ ऑगस्ट (१८८८). पण हे लिहिता लिहिता पंचांग पाहिलं: यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, आणि १५ सप्टेंबर म्हणजे दिल्लीत १९५९ साली दूरदर्शन सुरू झालं तो दिवस. मग बेअर्डचा वाढदिवस रद्द, १५ सप्टेंबर पक्का. २ ऑक्टोबर १९२५ ला त्यानं बोलक्या बाहुलीचं डोकं पडद्यावर आणलं होतं, कारण दिव्यांची धग माणसाला सोसेना; आपण गणपतीचं मुख आणू. ३२ रेघांत पूर्ण मूर्ती म्हणजे नुसता डाग. फक्त मुख, मागं काळं, आणि सोंड किमान तीन रेघा रुंद. डीजेच्या भिंती सांगलीत तोवर सुरू होतील, म्हणून कंसाखाली रबर.

लगेच फाइल करून लावली. कान ओळखू आले, सोंडही आली, पण उजवीकडे. मूळ चित्रात ती डावीकडे आहे. म्हणजे चकती उलटी बसली आहे: आतलं छिद्र आधी येतंय, बाहेरचं शेवटी. पट उलटला तरी पटच दिसतो, त्यामुळं काल कळलंच नाही. उजव्या सोंडेचं सोवळं या मोटरला झेपणार नाही. चकती काढून पालटायची, आणि बुजवायची खाच पुन्हा शोधायची.