कापूस घरातून गेला की आवाज बदलतो

कापसाचा चुकारा हातात पडला की आमच्या अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात आधी कृषी केंद्राची उधारी फिटते, मग उरलंसुरलं घरात येतं. कोणाकडे फ्रिज, कोणाकडे कूलर. गाण्याचा नाद असलेल्या घरात नवं मशीन, म्हणजे स्पीकर वाजवणारा अॅम्प्लिफायर, येतं. त्यानंतर मला बोलावणं येतं, कारण गावात या गोष्टीत लक्ष घालणारा मीच. तक्रार बहुतेक सगळीकडे तीच असते: पैसे गेले, पण ऐकण्यात मजा वाढली नाही.

यंदा भाच्याचा फोन आला. शेजारच्या गावात दिलेल्या माझ्या बहिणीचा हा थोरला. त्याने २० वॅटचा जुना अॅम्प्लिफायर काढून परतवाड्याहून ४० वॅटचा आणला होता. स्पीकर तेच ठेवले. "मामाजी, मशीन तं दुप्पट वॅटची आणली, पन आवाज काही दुप्पट नाही झाला. उलट कानाले टोचते."

मी त्याला एकच विचारलं, "घरातला कापूस कधी गेला बाबू?"

कापूस मागच्याच आठवड्यात गेला होता. भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून समोरच्या खोलीत छातीइतका ढीग लावलेला. ती खोली बारा बाय बाराची, वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. एका बाजूने भिंतभर कापूस असताना तो त्याच खोलीत खाटेवर बसून खंजिरी भजनं ऐकायचा आणि त्याला ती गोड लागायची. कापसाच्या धाग्याधाग्यांत हवा असते. आवाजाची लाट त्यात शिरली की तिथेच जिरते, परत येत नाही. ढीग हलला, खोली उघडी पडली, आणि त्याच आठवड्यात नवं मशीन आलं. दोष मशीनवर गेला.

मी गेलो तेव्हा खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीच्या मागोमाग भिंतींमधून झर्रकन एक पत्र्यासारखी चिरचिर आली. तोच आवाज खंजिरीच्या पितळी चकत्यांवर चढून बसत होता. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं भजन ज्याने मोझरीला बसून ऐकलं आहे त्याला माहीत आहे, खंजिरीचा ठोका आणि चकत्यांची किणकिण वेगवेगळी कानात पडली पाहिजे. इथे सगळा एकच गलका होत होता. बहिणीने आतून दोन गाद्या आणल्या. त्या स्पीकरच्या समोरच्या भिंतीशी उभ्या केल्या. बाजूच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगली, भिंतीला चिकटवून नाही तर वीतभर अंतर सोडून, कारण मध्ये हवा राहिली की गोधडी आणखी खालचे सूरही धरते. खाली सतरंजी. पुन्हा टाळी वाजवली, चिरचिर जवळजवळ गेली. भजन लावलं आणि भाचा काही न बोलता खाटेवर बसला. खर्च शून्य.

आता वॅटचं. हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि पुन्हा सांगेन, कारण दुकानात कोणी सांगत नाही. डेसिबल हे आवाज किती मोठा ते मोजायचं माप; वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो "थोडा जास्त" एवढाच वाटतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. भाच्याला २० चे २०० करावे लागले असते, आणि त्याचे स्पीकर ते झेलूच शकले नसते. घरात बसून निवांत ऐकताना तर बरेचदा एक-दोन वॅटच खर्च होतात. याउलट स्पीकरच्या कागदावर ८७ डेसिबल लिहिलंय की ९०, हे कोणी बघत नाही. एक वॅट दिला की एक मीटरवर स्पीकर किती वाजतो, त्याचा हा आकडा. ९० चा स्पीकर त्याच जुन्या अॅम्प्लिफायरवर ८७ च्या स्पीकरपेक्षा तेवढाच मोठा वाजतो, जेवढा वॅट दुप्पट केल्यावर वाजला असता. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले हजारो वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, वाचूच नका; आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती तेवढं विचारा.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट शहरातल्या लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. संत्र्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज २३० चं १८० वर येतं. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशेबाने घटते. ४० वॅटच्या मशीनमधून मग जेमतेम २५ वॅट निघतात, आणि आवाज वाढवला की तो फाटतो. संध्याकाळी मशीन बिघडलं असं वाटतं, सकाळी ते बरं असतं. अशा गावात चांगला स्टॅबिलायझर आधी घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

भाऊजींची अपेक्षा वेगळी होती, आणि मला तीच जास्त जिव्हाळ्याची वाटली. त्यांच्याकडे वसंतराव देशपांड्यांच्या मैफलीची कॅसेट आहे, कोणाच्या तरी कॉपीवरून केलेली कॉपी. वसंतराव आपल्या मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म, त्यामुळे भाऊजींना ते घरचेच वाटतात. नव्या मशीनवर ती मैफल स्वच्छ होईल, असं त्यांनी मनात धरलं होतं. झालं उलटं, खरखर जास्त ऐकू यायला लागली. त्यांना शांतपणे सांगावं लागलं की ही खरखर टेपमध्येच आहे. प्रत्येक कॉपीगणिक ती वाढत आली. मशीन जितकं चांगलं तितकी ती उघडी पडणार. ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, पार उतरवून ती दाबता येते, पण मग तानेची धारही जाते. आम्ही दोन्ही करून बघितलं. भाऊजी म्हणाले, "राहू द्या खरखर, तान पाह्यजे." मेमरी कार्डात मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेल्या गाण्यांचंही असंच. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते, या फायली १२८ च्या किंवा त्याहून खालच्या, म्हणजे बाकीचं गाळलेल्या. गाळलेलं परत आणणारं मशीन नाही. आधी फायली नीट मिळवाव्यात.

एक गोष्ट मात्र त्या खोलीत पूर्ण सुटली नाही. बारा बाय बाराच्या चौकोनी खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांचा, खर्ज लांबीतही घुमतो आणि रुंदीतही, दोन्ही सारखे असल्याने दुप्पट जोराने. गादी-गोधडीला तो जुमानत नाही. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले, खाट मागच्या भिंतीपासून सरकवली, तेव्हा तबल्याचा डग्गा जरा मोकळा झाला. एवढंच होईल, हे मी भाच्याला तोंडावर सांगितलं. कोणी मोठी मशीन दाखवून "घुमणं जाईल" म्हणालं तर ऐकू नको, उलट वाढेल.

पुढे पैसे घालायचेच असतील तर स्पीकरमध्ये घाल, असं त्याला सांगितलंय. अमरावतीला जाताना आपलीच भजनं सोबत न्यायची, दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर ठरवायचं नाही. तिथे सोफे, पडदे, खोक्यांच्या थप्प्या असतात, त्यामुळे तिथला आवाज घरी येणार नाही हे धरूनच चालायचं. आणि घरी लावून बघितल्यावर आठवडाभरात परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्यायचं.