काठीची सावली

१९८८ साली मी साताऱ्यातल्या आपल्या शाळेत नववीत होतो. सर्वांत आखूड सावली केव्हा पडते, या प्रश्नाला सगळ्या वर्गाने ‘दुपारी १२ वाजता’ असे उत्तर लिहिले होते. विज्ञानाच्या बाईंनी एवढेच विचारले, “हे तुमच्यापैकी कोणी पाहिले आहे?”

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही मैदानात ओळंब्याने सरळ केलेली काठी रोवली आणि तिच्याभोवती वर्तुळ आखले. सावलीचे टोक मध्यान्हाआधी आणि नंतर त्या वर्तुळाला नेमके केव्हा टेकते, ते टिपायचे आणि दोन्ही वेळांचा मध्य काढायचा, अशी रीत होती. उत्तर आले १२ वाजून १८ मिनिटे. दुसऱ्या दिवशीही तेच.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, सातारा साधारण ७४ अंशांवर आहे आणि प्रत्येक अंशाला ४ मिनिटे लागतात, हे आम्ही भूगोलातून शोधून काढले. पण त्या हिशेबाने १२ वाजून ३४ मिनिटे यायला हवी होती. उरलेली १६ मिनिटे आम्ही मोजणीतल्या चुकीवर ढकलली. बाई म्हणाल्या, “चूक असेल, तर ती दोन्ही दिवशी एकाच बाजूला आणि तेवढीच कशी झाली?” माझ्या वहीत त्यांनी बरोबरची खूण केली नाही, फुलीही मारली नाही, तांबड्या शाईने लिहिले, ‘फेब्रुवारीत पुन्हा मोजा.’

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ह १२ वाजून ४८ मिनिटांनी आले. काठी तीच, वर्तुळ तेच, शाळा तिथेच; म्हणजे रेखांश बदललेला नसताना अर्ध्या तासाचा फरक! इतके दिवस जपलेले स्पष्टीकरण अपुरे आहे, हे आमचे आम्हालाच दिसले, आणि त्याचे वाईट वाटण्याऐवजी विलक्षण उत्साह वाटला. उत्तर ठाऊक असूनही बाईंनी ते सांगितले नाही, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. अभ्यासक्रम मागे पडत असताना असे गप्प राहणे किती अवघड असते, हे मला स्वतः शिकवू लागल्यावर कळले.

पुढच्या वर्षी वाचनालयातल्या एका जुन्या ग्रंथात कारण सापडले. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे सूर्याच्या एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ वर्षभर सारखा राहत नाही आणि रोजचा काही सेकंदांचा फरक साचत जातो. मी धावत जाऊन बाईंना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग डिसेंबरअखेर मध्यान्ह केव्हा येईल?”

ग्रंथातल्या आलेखानुसार २५ डिसेंबरच्या सुमारास हा साचलेला फरक शून्यावर येत होता, म्हणजे केवळ रेखांशाची ३४ मिनिटे उरायला हवी होती. त्या दिवशी नाताळची सुट्टी होती. शिपाईकाकांनी आम्हा चौघांसाठी फाटक उघडून दिले. आमचे उत्तर आले १२ वाजून ३५ मिनिटे, आणि त्या एका मिनिटावरून आम्ही संध्याकाळपर्यंत वाद घालत बसलो.